तीन प्रशिक्षक, अठरा मुली, सत्तर इनिंग

ओहायोत मार्चच्या पहिल्या आठवड्यात सॉफ्टबॉलचं मैदान बहुधा कामाचं नसतं. बर्फ गेला तरी माती खालून गारठलेली आणि वरून चिखल झालेली असते. म्हणून तिथल्या छोट्या कॉलेजांचे संघ जानेवारीच्या अखेरीपासून जिमच्या लाकडी फरशीवर सराव करतात आणि वसंताच्या सुट्टीत पहिले सामने खेळायला फ्लोरिडा गाठतात. ओरलँडोच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवरचं क्लेरमाँट आणि दक्षिणेकडचं किसिमी ही दोन गावं त्या दिवसांत उत्तरेकडच्या संघांनी भरून जातात.

ही कॉलेजं एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेच्या, तिसऱ्या विभागातली. विद्यार्थी हजार-दोन हजार, आणि खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती द्यायला नियमानेच बंदी. मोसमात जास्तीत जास्त ४० सामने खेळता येतात. त्यातले १० या एका आठवड्यात होतात. ते सांभाळायला माणसं किती? एक मुख्य प्रशिक्षक, पूर्ण वेळ, पण बहुतेक ठिकाणी तिच्या गळ्यात विभागाचं आणखी एखादं काम असतंच. एक पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, शिकवणारी प्रशिक्षक, अर्धवेळ, दिवसा दुसरीकडे नोकरी करणारी. तिसरी सहायक म्हणजे नुकतीच पदवी घेतलेली माजी खेळाडू, जेमतेम मानधनावर. सोबत दुखापती बघणारी ॲथलेटिक ट्रेनर. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाबरोबर एक प्रशिक्षक आणि एक व्यवस्थापक जातो, त्या मानाने हा ताफा मोठा वाटेल. पण सकाळी सहा ते रात्री दहा अशा आठवड्यात ही चार माणसंही पुरत नाहीत.

अमरावती-जळगावकडे सॉफ्टबॉल खेळलेल्यांना मैदान परकं वाटणार नाही. पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या ठाण्यांमध्ये) ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, चेंडूचा घेर १२ इंच, सात इनिंगचा सामना. दहा सामने म्हणजे सत्तर इनिंग. प्रशिक्षकांच्या वहीच्या पहिल्या पानावर हाच आकडा असतो, आणि पुढचा सगळा आठवडा तो तीन पिचरांमध्ये, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांमध्ये, कसा वाटायचा, याचा हिशोब चालतो.

शनिवार: बस

ओहायोच्या मध्यभागातून क्लेरमाँट साधारण साडेपंधराशे किलोमीटर. सिनसिनाटीहून पंचाहत्तर क्रमांकाचा महामार्ग धरायचा, केंटकी पार करून टेनेसीत शिरायचं, जेलिकोचा डोंगर ओलांडायचा, मग चॅटानूगा, अटलांटा, मेकन आणि थेट फ्लोरिडा. वाइल्डवूडला टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, लागतो, तिथून क्लेरमाँट जवळ येतं. थांबे धरून १७ तास.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे प्रवासी बसचा चालक सलग ८ तासांच्या विश्रांतीनंतर १० तासच गाडी चालवू शकतो, आणि कामाचे १५ तास भरले की स्टिअरिंगला हात लावू शकत नाही. म्हणजे एका चालकात हा प्रवास होत नाही. दुसरा चालक बसमध्ये झोपून येईल असं गृहीत धरणं चूक. बाकावरची डुलकी विश्रांतीत मोजत नाहीत. तो चॅटानूगाला आधीच मुक्कामी असावा लागतो. दुपारी ४ ला निघालेली बस मध्यरात्रीच्या सुमारास तिथे पोहोचते, चालक बदलतो, आणि अटलांटा रात्री दोनच्या आसपास, रस्ते मोकळे असताना मागे पडतं. दुपारी निघण्यामागचं मोठं कारण हेच. सकाळी निघालं तर अटलांटाच्या संध्याकाळच्या गर्दीत दीड तास सहज जातो.

बसच्या पोटात काय जातं, याची यादी तिसऱ्या सहायकाकडे असते. अठरा खेळाडूंच्या बॅगा; ३६-३६ चेंडूंच्या चार बादल्या, त्यातली एक फक्त नव्या चेंडूंची; घडीच्या दोन जाळ्या; कॅचरची (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारीची) तीन संरक्षक किट, कारण दोन कॅचर आणि एक पट्टा तुटणार हे ठरलेलंच; दोन दाताळी, माती ठोकायचा एक चौकोनी ठोकळा; ४० लिटरचे दोन थंड पाण्याचे ड्रम. बॅटा मोजून भरायच्या आणि प्रत्येकीवरचा स्टिकर बघायचा. एनसीएएच्या सामन्यात बॅट मान्यताप्राप्त यादीतली तर लागतेच, शिवाय दाब-चाचणीत पास झालेली लागते. याला कारण आहे. कॉम्पोझिट बॅट वापरून वापरून आतून सैल होते आणि चेंडू जास्त उसळवू लागते. नवी असताना नियमात बसणारी बॅट दोन महिन्यांनी बसेलच असं नाही. स्टिकर निघालेली बॅट पंच बाजूला काढतात, आणि ती नेमकी चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाची असली तर त्या दिवशी तिला दुसरीच्या बॅटने खेळावं लागतं.

रविवार: हरवलेला तास आणि पहिली माती

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात. बऱ्याच कॉलेजांची सुट्टी नेमकी याच शनिवार-रविवारी सुरू होते. वेळापत्रक करणाऱ्याने हे धरलं नाही, तर ९ ला पोहोचणारी बस १० ला पोहोचते आणि मैदानाची राखलेली वेळ हातची जाते. चालकाचे १५ तास मात्र खऱ्या तासांनी मोजायचे. मध्यरात्री रुजू झालेला चालक सलग कामावर असला, तर नव्या घड्याळाच्या दुपारी ४ पर्यंत बस चालवू शकतो, तेही गाडी चालवण्याच्या १० तासांतले जेमतेम दोन उरलेले असताना. म्हणून सराव दुपारी १२ ते सव्वा, मग किराणा, आणि ४ च्या आत बस मुक्कामाच्या घरांपाशी उभी. भाड्याच्या घरांच्या किल्ल्याही बहुधा ४ लाच मिळतात, त्यामुळे ते जुळतं.

सतरा तास बसून आलेल्या पायांना लगेच पळवायचं नाही. पहिली २० मिनिटं चालणं, हलकं धावणं, मांडीचे मागचे स्नायू मोकळे करणं. पहिल्या दिवशी जोरात धावायला लावलं की गुरुवारपर्यंत कुणीतरी मांडी धरून बसलेली दिसते.

पुढचे ५५ मिनिटं हा सगळ्या सहलीतला सर्वांत मोलाचा वेळ, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. सहा आठवडे जिममध्ये घडलेल्या सवयी इथे एकेक करून उघड्या पडतात, आणि त्या कोणत्या हे आधीच माहीत असल्यामुळे सराव त्याच क्रमाने लावता येतो.

सर्वांत आधी उंच चेंडू. जिमचं छत आठ-नऊ मीटरवर. त्यामुळे आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातल्या, मुलींनी सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर खरा उंच चेंडू पाहिलेलाच नसतो. सगळ्याजणींची एकच चूक होते: पहिलं पाऊल पुढे पडतं आणि चेंडू डोक्यावरून जातो. उपाय साधा. पहिले दहा चेंडू मुद्दाम डोक्यामागे मारायचे आणि पहिलं पाऊल मागेच टाकायचं, असा हट्ट धरायचा. दुपारी १२ चा सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ग्लव्ह डोळ्यांवर धरून चेंडू ग्लव्हच्या कडेने बघायची सवयही याच वेळी करून घ्यायची. त्याच जोडीला हाकेचा क्रम पक्का करायचा: सेंटर फिल्डर सगळ्यांच्या वर, आउटफिल्डर इनफिल्डरच्या वर, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधली क्षेत्ररक्षक) सेकंड बेसच्या खेळाडूच्या वर, आणि कॅचर व पिचर सगळ्यांत शेवटी. जिममध्ये मुली एकमेकींपासून हातभर अंतरावर असतात, पुटपुटलेलंही ऐकू येतं. उघड्यावर वारा असतो, शेजारच्या मैदानावर दुसरा सामना चालू असतो. तीनदा ओरडायचं, पहिल्या हाकेवर विसंबायचं नाही.

मग जमिनीवरचे चेंडू. लाकडावर चेंडू वेगात आणि सरळ उसळतो. मातीवर तो आधी मंदावतो, मग खड्ड्यावर आपटून कुठेही जातो. जिममध्ये मागे उभं राहून वाट बघणारी थर्ड बेसची खेळाडू इथे तशीच थांबली, तर धावणारी खेळाडू पहिल्या बेसवर पोहोचून जाते. तिला चार पावलं पुढे आणायचं. चेंडू मारणारी प्रशिक्षक आधी मुद्दाम मंद चेंडू मारते, जोरदार नंतर.

कॅचरच्या थ्रोकडे लक्ष द्यायची वेळही हीच. होम प्लेटपासून (फलंदाज उभी राहते तिथून) सेकंड बेस ८४ फूट १० इंच, म्हणजे २५.८६ मीटर. बऱ्याच जिममध्ये जाळी मध्ये येते म्हणून हे पूर्ण अंतर मिळतच नाही, आणि पहिल्या दिवशीचे थ्रो एक टप्पा घेऊन पोहोचतात. खांदा जोराने झोकून ते सुधारत नाही. पायांची अदलाबदल जलद झाली की सुधारतं. पंधरा थ्रो, त्याहून एकही जास्त नाही.

फलंदाजी या दिवशी फार करू नये. बॅटिंग केजमध्ये चेंडूमागे गडद जाळी असते. इथे मागे पांढरं आकाश. ताशी ९५ किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर ०.४ सेकंदात प्लेटवर येतो, आणि त्यातला पहिला भाग डोळे चेंडू शोधण्यात घालवतात. म्हणून प्रत्येकीने पिचरसमोर उभं राहून दहा चेंडू नुसते बघायचे, बॅट खांद्यावर. हे कंटाळवाणं वाटलं तरी करावंच.

सोमवार: पहिले दोन सामने

सकाळी ९ ला पहिला सामना म्हणजे ५:४५ ला उठणं, ६:३० ला न्याहारी, ७:३० ला मैदान. सनस्क्रीन बसमध्येच लावायचं. मैदानावर तळहाताने चोपडलं की ते बोटांवर राहतं आणि पिचरच्या हातून चेंडू निसटतो. पिचरांनी काडीचं सनस्क्रीन वापरावं, किंवा दुसरीकडून लावून घ्यावं.

सामना चालू असताना तिघींची जागा ठरलेली. फलंदाजी असताना मुख्य प्रशिक्षक थर्ड बेसजवळ, तिसरी सहायक फर्स्ट बेसजवळ, पिचिंग प्रशिक्षक डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, पिचरपाशी. क्षेत्ररक्षणात पिचिंग प्रशिक्षक चेंडूंच्या उलट्या बादलीवर बसून प्रत्येक पिच सांगते, मुख्य प्रशिक्षक आउटफिल्ड हलवते, आणि तिसरी वहीत पिच मोजते. मोजणीचं काम राखीव खेळाडूकडे देण्याचा मोह होतो, देऊ नये. दोन इनिंगनंतर ती सामना बघू लागते आणि आकडे चुकतात, आणि पुढे सगळा आठवडा त्या चुकीच्या आकड्यांवर उभा राहतो.

पिच सांगायची पद्धत अशी: कॅचरच्या मनगटावर पट्टा, त्यात आकड्यांचा तक्ता. प्रशिक्षक तीन आकडे ओरडते, समजा दोन-एक-चार. पहिले दोन म्हणजे रकाना, तिसरा म्हणजे ओळ. त्या चौकटीत लिहिलेलं असतं ड्रॉप (खाली पडणारा चेंडू), बाहेरच्या कडेला. एकाच पिचला पाच-सहा वेगवेगळे आकडे असतात, म्हणून समोरच्या संघाला ऐकूनही कळत नाही. यात बिघडतं ते कार्डांवरून. दुसऱ्या सामन्याचं नवं कार्ड कॅचरने घातलं आणि शॉर्टस्टॉपने नाही, की एक ड्रॉपची वाट बघते आणि दुसरी राइजची (वर चढणाऱ्या चेंडूची) जागा घेते. प्रत्येक सामन्याचं कार्ड वेगळ्या रंगाचं छापायचं आणि जुनं हातोहात परत घ्यायचं. घामाने कागद लगदा होतो. दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी हवी.

नवख्या सहायकांचा घोळ सर्वांत जास्त होतो तो लाइन-अप कार्डावर, डीपी आणि फ्लेक्सच्या नियमात. डीपी ही फलंदाजीच्या क्रमात असलेली, पण सुरुवातीला क्षेत्ररक्षण न करणारी खेळाडू. तिने जिच्याऐवजी बॅट धरली ती फ्लेक्स, कार्डावर दहावी. बहुतेकदा पिचर, पण ती कुणीही क्षेत्ररक्षक असू शकते. डीपी मैदानात दुसऱ्या कुणाच्या जागी उतरली, तर ती दुसरी फक्त फलंदाजी करत राहते आणि सामना दहाजणींचाच चालतो. डीपी खुद्द फ्लेक्सच्या जागी क्षेत्ररक्षणाला गेली, तर फ्लेक्स सामन्याबाहेर आणि संघ नऊचा. फ्लेक्स बॅटिंगला आली तर फक्त डीपीच्याच क्रमांकावर. सुरुवातीची कुठलीही खेळाडू एकदाच परत येऊ शकते. हे सगळं छापील नियम म्हणून कळतं, पण पाचव्या इनिंगला, दोन बदल झालेले असताना, मुख्य प्रशिक्षक थर्ड बेसवर आणि पंच प्लेटमागे वाट बघत असताना, कळत नाही. म्हणून डगआउटच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कार्डाची प्रत लावायची, प्रत्येक बदल पंचाला सांगून मगच त्यावर खोडायचा. कपड्यांवरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक जुळतो का, हे सामन्याआधी खेळाडूने स्वतः बोट ठेवून बघायचं. जर्सी अदलाबदल होतात.

दोन सामन्यांच्या मध्ये ४० मिनिटं. मुली खातात तेव्हा तिसरी सहायक दाताळं घेऊन पिचरच्या जागेपाशी जाते. पिचर पुढे जिथे पाय टाकते तिथे सात इनिंगमध्ये तीन-चार इंचांचा खड्डा पडतो, आणि त्यात उतरणारा घोटा मुरगळतो किंवा पाऊल आखूड पडतं. सैल माती वर ओढून भरली तर दहा चेंडूंत पुन्हा उखडते. सैल माती आधी काढून टाकायची, तळ ओला करायचा, ओलसर चिकणमाती थराथराने भरायची आणि ठोकळ्याने घट्ट ठोकायची. दहा मिनिटांचं काम.

मंगळवार: अंगं बोलू लागतात

दोन सामने, तशीच वेळ. या दिवशी ट्रेनरच्या टेबलासमोर रांग लागते. जिममध्ये सपाट तळाचे बूट घालून सराव झालेला असतो; खिळ्यांच्या बुटांनी टाचांना फोड येतात आणि नडग्या दुखू लागतात. मानेचा मागचा भाग, कान आणि गुडघ्यामागची कातडी भाजलेली असते, कारण तिथे सनस्क्रीन लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. संध्याकाळी घराच्या तलावात पोहायला मनाई. भाजलेल्या अंगावर पुन्हा ऊन, आणि थकलेले पाय आणखी थकतात. पंधरा मिनिटं पाय बुडवून बसायला हरकत नाही.

रात्री मोजणी. चार सामने, २८ इनिंग झाल्या.

बुधवार: सुट्टी

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवणं नियमानेच आहे, आणि तो नसता तरी ठेवावा. मुली समुद्रावर किंवा ओरलँडोच्या मनोरंजन उद्यानांत जातात. क्लेरमाँटमध्येच १९५६ साली उभारलेला २२६ फुटांचा सिट्रस टॉवर आहे. वरून तेव्हा नजर पोहोचेल तिथवर संत्र्यांच्या बागा दिसत. १९८० च्या दशकातल्या कडाक्याच्या थंडीने त्या मारल्या, आणि आज तिथे घरं, रस्ते आणि खेळाची मैदानं आहेत. मोसंबी-संत्र्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे दृश्य चटका लावतं.

प्रशिक्षकांचा दिवस कपड्यांनी सुरू होतो. इनफिल्डची तांबडी माती पांढऱ्या पँटवर बसली की ओली असताना चोळायची नाही, आत घुसते. पूर्ण वाळू द्यायची, ब्रशने झाडायची, मग थंड पाण्यात साबण लावून तासभर भिजत ठेवायची. डाग पूर्ण गेल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकलं, तर उष्णतेने डाग कायमचा बसतो. अठरा पँटांचा हा उद्योग तीन यंत्रांवर अर्धा दिवस खातो.

दुपारी तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. समोर पिचरांचा तक्ता. निघताना ठरवलेली वाटणी अशी असते: पहिलीला २८ इनिंग, दुसरीला २४, तिसरीला १८. इनिंगला सरासरी १५ पिच धरले तर सत्तर इनिंगचे १,०५०. पण खांद्याला फक्त सामन्यातल्या पिच लागत नाहीत. प्रत्येक सामन्याआधी पिचर ४०-५० चेंडू टाकून तयार होते. दहा सामन्यांचे ते ४५० आणखी झाले. पहिल्या पिचरच्या खात्यात अशा रीतीने आठवड्यात सहाशे चेंडू येतात.

खालून हात फिरवून टाकलेल्या चेंडूने खांद्याला काही होत नाही, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. तो खरा नाही. चेंडू सुटतानाच्या क्षणी खांद्याला बाहेर ओढणारा जोर बेसबॉलच्या पिचरइतक्याच मापाचा असतो, आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर, तो खांद्याला जिथे बांधलेला असतो तिथे, भार येतो. एनसीएएत सॉफ्टबॉल पिचरसाठी पिचची कमाल मर्यादा नाही. म्हणजे मर्यादा घालणारं माणूस प्रशिक्षकच. सोमवार-मंगळवारी दोन चुरशीचे सामने झाले असले तर पहिलीच्या खात्यात १२ ऐवजी १६ इनिंग जमलेल्या असतात. ते चार इनिंग कुठून वजा करायचे हे बुधवारीच ठरवावं लागतं. शनिवारी, दोन धावांनी मागे असताना ठरवलं की निर्णय नेहमी खांद्याच्या विरोधात जातो.

दुसरा तक्ता राखीव खेळाडूंचा. दहा सामन्यांत संघाला साधारण २७० ते ३०० वेळा फलंदाजीला उभं राहायला मिळतं. ज्या मुलीला मंगळवारपर्यंत दोनच संधी मिळाल्या, तिच्याबद्दल एप्रिलमध्ये निर्णय घ्यायला प्रशिक्षकांकडे काही माहितीच नसते. तिच्या नावापुढे गुरुवारचा पूर्ण सामना लिहायचा आणि तो खोडायचा नाही.

गुरुवार: वीज

मार्चमध्ये उत्तरेकडून थंड हवेची लाट उतरते तेव्हा मध्य फ्लोरिडात तासाभरात आभाळ भरून येतं. नियम साधा: वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांनी मैदान सोडायचं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा वाजलं तर मोजणी शून्यापासून. डगआउट म्हणजे निवारा नव्हे. तीन बाजूंनी जाळी आणि वर पत्रा, बसमध्येच जायचं.

अर्धा तास बसमध्ये असताना पिचरचं अंग थंड होतं. तिला दर दहा मिनिटांनी उठवून हात फिरवायला लावायचं, कोरडा जाड शर्ट घालायला द्यायचा. तासाहून जास्त खंड पडला तर तीच पिचर पुन्हा आणायची नाही, कितीही छान चालली असली तरी.

पाऊस थांबल्यावर सगळ्यांना मदत करायची असते, आणि इथे उत्साहाने मैदान बिघडतं. डबक्यातलं पाणी झाडूने ढकललं की पाण्याबरोबर वरची बारीक मातीही जाते, तिथे खोलगट जागा होते आणि पुढच्या पावसात डबकं पुन्हा तिथेच. पाणी स्पंजने किंवा हातपंपाने उचलायचं, मग भाजलेल्या मातीचे दाणे पातळ पसरायचे, पाच मिनिटं ओल शोषू द्यायची आणि वरवर दाताळं फिरवायचं. ओल्या इनफिल्डवर पाय टाकायचे तर फळीवरूनच.

शुक्रवार: थकवा ओळखणं

पिचर थकली हे वेगावरून उशिरा कळतं. आधी कळतं ते पावलावरून. पुढचं पाऊल अर्ध्या फुटाने आखूड पडतं. मग ड्रॉप पडायचा थांबतो, गुडघ्याजवळ यायचा चेंडू मांडीच्या वर राहतो आणि जोरात फटका बसतो. बादलीवर बसलेली प्रशिक्षक मातीतल्या बुटांच्या खुणा बघत असते. स्कोअरबोर्ड बघायला बाकीच्या आहेत. पाऊल आखूड झालं की दोन चेंज-अप (मुद्दाम मंद टाकलेले चेंडू) सांगून इनिंग संपवायची आणि पुढच्या इनिंगला दुसरी उभी करायची. दुसरी तयार असायला हवी, म्हणजे तिला वीस मिनिटं आधी कोपऱ्यात चेंडू टाकायला पाठवलेलं असायला हवं. हे वीस मिनिटं विसरलं जातं तेव्हाच पहिलीला आणखी एक इनिंग टाकावी लागते.

पाचव्या इनिंगनंतर आठ धावांची आघाडी असली तर सामना तिथेच संपतो. आपण मागे असताना हा नियम लागू झाला, तर वाईट वाटून घेण्यापेक्षा दोन इनिंग वाचल्या, असं वहीत लिहावं. एप्रिलमध्ये, कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या कॉलेज-गटाच्या, सामन्यांत, त्या इनिंग कामाला येतात.

शनिवार: शेवटचे दोन आणि परतीची बस

तिसऱ्या पिचरचा दिवस. तिच्या १८ पैकी बहुतेक इनिंग इथे खर्च व्हाव्यात. तिचे चेंडू मंद, फटके जास्त बसतात, म्हणून क्षेत्ररक्षकांना सगळ्यांत जास्त काम आज. त्यात एक फायदाही आहे: रविवारी पहिलं पाऊल पुढे टाकणाऱ्या आउटफिल्डर आता कशा हलतात, हे दहा-बारा उंच चेंडूंमध्ये स्वच्छ दिसतं.

सामना संपला की घाई करायची नाही. बॅटा मोजायच्या, डगआउटच्या कुंपणात अडकवलेली एकतरी राहतेच. कॅचरची किट उघडी वाळवून मगच भरायची, नाहीतर सोमवारी बुरशीचा वास. खर्चाच्या पावत्या तिथेच, बाकावर बसून, दिवसाप्रमाणे पाकिटात. जेवण आणि अंघोळ आटोपून बस संध्याकाळी ६ ला सुटली, तर रविवारी दुपारच्या आत ओहायो येतं. सोमवारी सकाळी वर्ग आहेत. चालकाची अदलाबदल पुन्हा चॅटानूगाला.

सोमवार: घरी

पिचरांना दोन दिवस चेंडूला हात लावू द्यायचा नाही. कॉलेजच्या मैदानावर मुख्य प्रशिक्षक एकटीच जाऊन येते. शॉर्टस्टॉपच्या जागेवरची माती दोन इंच खोलवरून मुठीत घ्यायची, दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा अंगठ्याने दाबल्यावर भुगा होऊन पडला, तर उद्यापासून सराव बाहेर. तसाच चिकटून राहिला, तर आणखी दोन दिवस जिम.